संशय कोणावर?

माझा फोन गेल्या पावसाळ्यात चोरीला गेला. पुण्यात, संध्याकाळी साडेसहाच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये, पाठीवरच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यातून. घेतला तेव्हा चौदा हजारांचा होता. दीड वर्ष वापरून झालेला, स्क्रीनच्या एका कोपऱ्याला तडा. विकायला काढला असता तर कुणी सहा-सात हजार दिले असते. पोलिसांच्या भाषेत ही भुरटी चोरी.

कप्प्याची चेन उघडी आहे हे हाताला कळलं, आणि पुढच्या दोन मिनिटांत मी जे वागले त्याबद्दल हा लेख आहे. चोराबद्दल मला आजही काही माहीत नाही.

मी ओरडले, ‘‘माझा फोन!’’ बस एका थांब्यावरून नुकतीच हलली होती. माझ्या मागे उभे असलेले एक काका लगेच म्हणाले, ‘‘ती बाई आत्ता उतरली बघा, तुमच्याला खेटूनच उभी होती.’’ कोणती बाई, असं मी विचारलं नाही. मला लगेच कळलं कोणती. कडेवर मूल, विटलेली साडी, हातात कापडी पिशवी. ती मघाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा मी नकळत अर्धं पाऊल सरकले होते, हेही त्याच क्षणी आठवलं. बसमध्ये मला खेटून किमान सहा माणसं उभी होती. त्यातल्या पाच जणांचे चेहरे मला आठवत नाहीत.

कंडक्टरनं बस थांबवली. मी उतरून पळाले. माझ्याबरोबर कॉलेजची दोन मुलंही उतरली, मदतीला. बाई थांब्याच्या पत्र्याखाली पाऊस कमी व्हायची वाट बघत उभी होती. चोरी करून कुणी थांब्यावर आडोशाला उभं राहतं का, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. मी तिला म्हणाले, ‘‘फोन दे माझा.’’

‘दे’ म्हणाले. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी तरी मोठी असेल. रिक्षावाल्याला, भाजीवाल्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनकाकांना मी कधी अरे-तुरे करत नाही. इथे ते आपोआप आलं.

ती म्हणाली, ‘‘बघा की ताई.’’ आणि पिशवी पुढे केली. मुलांपैकी एकानं ती बाकावर उलटी केली. बाळाची दुधाची बाटली, स्टीलचा डबा, निम्मा बिस्किटाचा पुडा, घडी घातलेली दोन झबली, दवाखान्याचा केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. फोन नव्हता. तिचा स्वतःचाही नव्हता.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसरा मुलगा म्हणाला, ‘‘पास केला असेल पुढे. यांची गँग असते.’’

आणि मी मान हलवली.

बाईनं सामान गोळा केलं. डब्याचं झाकण घट्ट लावलं. ‘‘झालं का ताई?’’ असं विचारलं. त्यात राग नव्हता, उपरोधही नव्हता. रेशनच्या रांगेत विचारावं तसं विचारलं. मी उत्तर न देता रिक्षा केली.

*

पोलीस ठाण्यात वेगळीच अडचण. अंमलदार म्हणाले, ‘‘गहाळ झाला म्हणून लिहून द्या, लगेच होऊन जाईल.’’ गहाळ म्हणजे हरवला. हरवला तर दोष माझा. चोरीला गेला तर गुन्हा. गुन्हा म्हणजे नोंद, नंबर, तपास, कागद. मी अडून बसले. मुद्रितं तपासून पोट भरणारी बाई आहे मी, शब्दाला शब्द लागूच शकत नाही म्हणाले. हरवला नाही, चोरीला गेला. दीड तासाच्या हुज्जतीनंतर ते तयार झाले.

मग त्यांनी पुढचा रकाना वाचला. ‘‘संशय कोणावर?’’

गहाळ वस्तूच्या अर्जात हा प्रश्न नसतो. चोरी म्हटलं की येतो. ‘कोणावर नाही’ असंही सांगता येतं, ‘अज्ञात इसम’ लिहितात. रिकामी झालेली पिशवी मी तासाभरापूर्वी डोळ्यांनी पाहिली होती. तरीही मी सांगितलं: एक बाई, वय अंदाजे पस्तीस ते चाळीस, रंग सावळा, अंगावर जुनी साडी, कडेवर लहान मूल. आणि अंमलदारांनी न विचारता पुढे जोडलं, ‘‘सोबत टोळी असावी.’’

पहिल्या खबरेची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. माझी माझ्याकडे आहे. ते वाक्य तिसऱ्या पानावर आहे.

*

मराठीत एक गंमत आहे. आपण म्हणतो, वस्तू ‘चोरीला गेली’. जशी माणसं कामाला जातात, गावाला जातात, तशी वस्तू चोरीला जाते. वाक्यात चोर नाहीच. करणाऱ्याची जागा रिकामी आहे, आणि व्याकरणाला त्याचं काही वाटत नाही. ज्याचं गेलं त्याला मात्र ती रिकामी जागा सहन होत नाही. वस्तू गेल्याचं दुःख दोन दिवसांत बोथट होतं. कुणी नेली हे माहीत नसणं मात्र टोचत राहतं. त्यात भर म्हणजे भेटेल तो विचारतो, ‘‘सॅक पुढे घ्यायची ना गं गर्दीत?’’ आईनं विचारलं, ऑफिसात विचारलं, फोनच्या दुकानातल्या मुलानंही विचारलं. चोर समोर नसल्यामुळे त्याच्या वाटचा दोष लुबाडलेल्याच्या अंगावर येतो. तो झटकायचा तर दुसरा कुणीतरी हवा, आणि ताबडतोब हवा.

मी एम.ए.ला इतिहास घेतला होता. पुढे त्याचा उपयोग मुद्रितांतल्या सनावळ्या तपासण्यापुरताच उरला. पण त्या तिसऱ्या पानानं मला पुन्हा वाचायला बसवलं. ही रिकामी जागा माझ्याआधीच्या माणसांनी कशी भरली, एवढंच मला बघायचं होतं.

सगळ्यात जुनी रीत दिव्याची. दिवा नव्हे, दिव्य. धर्मशास्त्रात चोरीच्या संशयासाठी तांदळाचं दिव्य सांगितलं आहे. संशयितांना ओळीनं बसवायचं, कोरडे तांदूळ चावायला द्यायचे आणि थुंकायला लावायचे. ज्याचे तांदूळ कोरडे निघतील किंवा ज्यात रक्त दिसेल, तो चोर. यामागे निरीक्षण आहे, हे मान्य करावं लागतं: भीतीनं तोंडाला कोरड पडते. पण कोरड पडायला चोरी केलेली असावी लागत नाही. घोळक्यानं घेरलं तरी पुरतं. त्या थांब्यावर त्या बाईला तांदूळ चावायला दिले असते तर कोरडेच निघाले असते, आणि आम्ही तिघांनी विजयी चेहऱ्यानं एकमेकांकडे बघितलं असतं.

बनारसचा मुख्य न्यायाधिकारी अली इब्राहिम खान यानं अठराव्या शतकाच्या शेवटी या दिव्यांवर एक टिपण लिहिलं. वॉरन हेस्टिंग्जनं ते पुढे पाठवलं आणि ते ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापून आलं. दिव्याचे नऊ प्रकार त्यात आहेत. त्यातली १७८३ सालची एक हकिगत मी तीनदा वाचली. एका माणसानं शंकर नावाच्या माणसावर चोरीचा आळ घेतला. पुरावा नव्हता. शंकर तापलेला लोखंडी गोळा हातात घ्यायला तयार झाला. तळव्यांवर पानं बांधली, त्यावर तांबडालाल गोळा ठेवला, तो घेऊन शंकर आखलेल्या वर्तुळांमधून चालत गेला आणि गोळा गवतावर टाकला. गवत पेटलं. शंकरच्या हाताला फोडसुद्धा आला नाही. बघायला सुमारे पाचशे माणसं जमली होती.

शंकर सुटला. पानांमुळे हात वाचला असेल, असा तर्क खुद्द अली इब्राहिम खाननंही केला. पण मला थांबवलं ते पुढच्या वाक्यानं. असल्या परीक्षा वारंवार होऊ नयेत म्हणून आळ घेणाऱ्याला एक आठवडा कैदेत टाकलं. फिर्यादीला! संशय घेणं हीसुद्धा एक कृती आहे आणि तिचीही किंमत असते, असं तिथे कुणाला तरी वाटलं होतं. माझ्या मान हलवण्याची किंमत मला रिक्षाचे नव्वद रुपये पडली.

आपल्याकडे गावोगाव वाटी चालवायचे. माझ्या आजीनं लहानपणी पाहिलेलं. मांत्रिक वाटीवर हात ठेवायचा, मंतरायचा, आणि वाटी जमिनीवरून सरकत सरकत चोराच्या दारात जायची. वाटी खरंच सरकायची का, असं मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘‘सरकायची की. पण सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं कुठं जाणार ते.’’ गावाच्या मनात जे घर असायचं तिथेच ती जाऊन थांबायची.

*

याच्या शेजारी आपल्याच मुलखात एक वेगळी व्यवस्था होती, आणि ती मला कुणी शाळेत शिकवली नव्हती.

दख्खनच्या गावात जागल्या असे. पुणे-सातारा भागात हे काम बहुधा रामोशाकडे. चोरी झाली की त्यानं माग काढायचा. माग म्हणजे पावलांचे ठसे. माग काढणं हा शब्द तिथूनच आलेला. तो माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत गेला की जबाबदारी त्या गावाच्या जागल्याकडे जाई. तो पुढे काढणार. माग ज्या गावात मुरला, त्या गावानं नुकसान भरून द्यायचं. आधी जागल्यानं ऐपतीप्रमाणे, उरलेलं गावानं. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या जबाबदारीबद्दल लिहिलेलं आहे. मुळात ही कल्पना फार जुनी. याज्ञवल्क्य स्मृतीत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर चोरीचा माल मिळाला नाही तर राजानं तो स्वतः भरून द्यावा, असं सांगितलं आहे.

हे सुवर्णयुग होतं असं मला म्हणायचं नाही. गरीब जागल्यावर हा बोजा किती अन्यायानं पडत असेल याची कल्पना करता येते. जागलेच चोरांना सामील असतात ही ओरड तेव्हाही होतीच. पण या व्यवस्थेचा प्रश्न बघा: ‘नुकसान कोण भरणार?’ ‘संशय कोणावर?’ हा तिचा पहिला प्रश्न नाही. चोराचं नाव न कळताही फिर्यादीचं समाधान होऊ शकत होतं. रिकामी जागा रिकामी ठेवून माणसं आपापल्या घरी जाऊ शकत होती.

इंग्रजांनी हे उलटं केलं. किल्ल्यांची आणि गावांची राखण करणाऱ्या रामोशांची वतनं आणि हक्क गेले. त्यातून उमाजी नाईकांचं बंड झालं आणि १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी दिलं, हे तुम्ही वाचलेलं असेल. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, मॅकिन्टॉश नावाच्या कॅप्टननं रामोशांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. उमाजींना पकडण्याच्या मोहिमेत तो स्वतः होता. ज्याला पकडायचं त्याची आधी जात अभ्यासायची, ही पद्धत इथून पुढे वाढतच गेली.

आणि १८७१ साली कायदा आला. गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद असा की हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार. तसे चोराचेही वंश असणार. सरकारनं एखाद्या जमातीला राजपत्रात गुन्हेगार म्हणून जाहीर केलं की तिच्यातल्या प्रत्येकाला नाव नोंदवावं लागे, हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. या जाहीरनाम्याच्या वैधतेला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलं होतं. सुरुवातीला तो उत्तरेत लागू होता. १९११ च्या सुधारणेनं मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला.

म्हणजे रिकामी जागा आता चोरीच्या आधीच भरून ठेवली. चोरी व्हायची तेव्हा होईल. संशयिताचं नाव तयार आहे.

मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचं १९०८ चं एक पुस्तक आहे, इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवरच्या टिपणांचं. हाताखालच्या पोलिसांना ओळख पटावी म्हणून लिहिलेलं. एकेका जमातीचं एकेक प्रकरण: राहणी, पेहराव, बोली, चोरीची रीत. भामट्यांबद्दल लिहिताना रेल्वेत प्रवाशांचं सामान लांबवणारे म्हणून वर्णन आहे. हे वाचताना मी माझी खबरेची प्रत शेजारी ठेवली होती. तोच क्रम. वय, रंग, कपडे, सोबत कोण. केनेडीला ते लिहायला वर्षं लागली असतील. मला दोन मिनिटं लागली, आणि मी ते पुस्तक तोवर उघडलंही नव्हतं.

भामटा हा शब्दच घ्या. आपण तो लबाड माणसासाठी वापरतो, पेपरात मथळ्यात येतो: ‘भामट्याने वृद्धेला लुबाडले’. मुद्रितांत असा मथळा आजवर मी किती वेळा तपासून, ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पुढे पाठवला असेल! भामटा हे एका समाजाचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. बेरड, कैकाडी, वडार, पारधी यांच्यासोबत. आणि त्याच यादीत रामोशीही आहे. ज्यानं चोराचा माग काढायचा आणि सापडला नाही तर खिशातून भरायचं, तो शंभर वर्षांत कागदावर चोरांच्या रांगेत जाऊन बसला.

सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणातली सेटलमेंट होती. माणसं तिथून गिरणीत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. सोलापूरच्या पत्त्यांमध्ये ‘सेटलमेंट’ हा शब्द अजून भेटतो. पिझ्झा पोचवणाऱ्याला कुणीतरी तो रोज सांगत असेल. मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कायदा गेला तरी ‘सराईत गुन्हेगार’ या नावानं नवे कायदे आलेच. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ सालचं, म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरचं आहे, आणि त्यात पोलीस दारात येतच असतात. उचल्या हाही दोन अर्थांचा शब्द: चोर आणि जात. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या घरात ते होतं. मी अकरावीत वाचलं, रडलेही होते. थांब्यावर त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

*

संशयाला पुराव्यानं उत्तर मिळतं, असं आपल्याला वाटतं. बोटांच्या ठशांचा इतिहास वाचताना मलाही वाटलं. ही विद्या आपल्याच देशात वाढली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. नाव एडवर्ड हेन्रींचं झालं. वर्गीकरणाच्या कामात मोठा वाटा अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या हाताखालच्या दोघांचा.

त्याच वर्षी जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पैसे-चीजवस्तू चोरीला गेल्या. हेन्रींनी आपल्या पुस्तकात संशयितांची यादी दिली आहे. मळ्यावरचे मजूर, कारण साहेब कडक होता. स्वयंपाकी, कारण कपड्यांवर रक्ताचे डाग. एका बाईचे नातेवाईक, कारण साहेबाचे तिच्याशी संबंध. जवळच मुक्कामाला असलेली काबुल्यांची एक भटकी टोळी. तिला कारणाची गरज नव्हती. आणि शेवटी एक जुना नोकर, कांगाली चरण, ज्याला साहेबानं पूर्वी चोरीसाठी तुरुंगात धाडलं होतं. साहेबाच्या पेटीत पुस्तकाच्या आकाराची एक बंगाली दिनदर्शिका सापडली. तिच्यावर रक्ताळलेला पुसट ठसा. कलकत्त्यात कांगालीचा ठसा पूर्वीच्या शिक्षेमुळे होताच. उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये कोर्टानं त्याला चोरीसाठी शिक्षा दिली. खून सिद्ध झाला नाही, म्हणून त्यातून सोडलं.

या निकालातला काटेकोरपणा मला आवडतो. ठसा सांगतो की हात इथे लागला. त्याहून जास्त तो सांगत नाही, आणि कोर्टानंही त्याच्याकडून जास्त वदवून घेतलं नाही. एका ठशानं मजूर, स्वयंपाकी, काबुली असे डझनावारी लोक मोकळे केले. आणि तेच तंत्र १९११ च्या कायद्यात गेलं: नोंदवलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घ्यायची मुभा. तिथे काही घडलेलं असण्याची अट नव्हती. पुरावा संशयाला उत्तर देतो की संशयाच्या सेवेला लागतो, हे तो कोणाच्या हातात आहे यावर ठरतं.

माझ्या हातात तर लख्ख पुरावा होता. उलटी केलेली पिशवी. ‘तिच्याकडे फोन नाही’ याचा अर्थ ‘तिनं घेतला नाही’ असा न होता ‘तिनं पुढे दिला’ असा झाला. सापडला असता तर चोर, न सापडला तर टोळी. यातून तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. आम्ही तिघं शिकलेले होतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या ग्रुपवर ‘अडाणी लोक’ असं एकमत झालं होतं. त्या थांब्यावर माझ्याबरोबर दोघंच होते, पाऊस होता, आणि बाईनं स्वतःहून पिशवी पुढे केली. यातली एखादी गोष्ट वेगळी असती तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही.

ऑफिसात चोरीची बातमी सांगितली तेव्हा प्रत्येकानं आपापली चोरी सांगितली होती. मिक्सरचं भांडं, लग्नातलं पाकीट, गाडीचा आरसा, कुरिअरचा खोका. एकाचाही चोर सापडलेला नव्हता, आणि प्रत्येकाला तो कोण होता हे पक्कं माहीत होतं. कामवाली. वॉचमन. ‘ते समोरच्या झोपडपट्टीतले.’ कुणीही कधी पाहुण्याचं नाव घेतलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीचंही नाही. चोर कुठल्या घरातून येतो याबद्दल इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्या विषयावर त्या ऑफिसात पाहिलेलं नाही. आजीची वाटी अजून चालते आहे.

*

सात महिन्यांनी फोन मिळाला.

चोरीनंतर मी सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून तो ब्लॉक केला होता. त्यात कुणी नवं सिम घातलं की पोलिसांना कळतं. तसं कळलं. फोन एका माणसानं जुन्या फोनच्या बाजारात रोख पैसे देऊन घेतला होता. दुकानदारानं तो आणखी कुणाकडून. ती साखळी तिथेच तुटली. आता १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आहे. पाच हजारांच्या आतली चोरी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. वाचून मला जागल्याची आठवण झाली. अर्थात त्यासाठीही आधी चोर सापडावा लागतो.

कोर्टाचा आदेश, सुपुर्तनामा, असे चार खेटे झाले. मुद्देमाल घ्यायला गेले तेव्हा टेबलापलीकडे दुसरेच हवालदार होते. पोलिसांचं पाकीट, त्यावर गुन्ह्याचा नंबर, आत माझा फोन. कोपऱ्यातला तडा तसाच. बाकी सगळं पुसलेलं.

सही करायच्या आधी मी त्यांना विचारलं, ‘‘साहेब, माझ्या जबाबात एक वाक्य आहे. संशयिताबद्दलचं. ते काढता येईल का?’’

त्यांनी प्रत हातात घेऊन तिसरं पान वाचलं. ‘‘बाईचं नाव माहितीय का तुम्हाला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काय करायचंय? नाव नाही, गाव नाही. फोन मिळाला ना?’’

‘‘पण तिनं नव्हता घेतला.’’

‘‘ते तुम्हाला कसं माहीत?’’ ते म्हणाले. खवचटपणे नव्हे, खरोखरच विचारत होते. मी सांगायला तोंड उघडलं. पिशवीत काय काय होतं ते सांगू लागले. बाटली, डबा, झबली, केसपेपर. मागे रांगेत पासपोर्टच्या पडताळणीसाठी आलेला मुलगा घड्याळ बघत होता. हवालदारांनी माझं ऐकून घेतलं, मग रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

‘‘इथं. आणि खाली तारीख.’’